बोडी, सत्र तिसरं

सोमवारी रसायनशास्त्र : पाण्यात विरघळलेला प्राणवायू.
मंगळवारी कायदा.
बुधवारी इतिहासाच्या सरांसोबत
जुन्या नकाशावर आम्ही गावची बोडी शोधतो.
नकाशात आहे ती. सातबाऱ्यावर नाही.

मामा विचारतो, "हे बी.ए. होय का बी.एस्सी.?"
मी म्हणते, दोन्हीच्या मधलं.
"मंग नोकरीबी मधातलीच भेटन!"

शनिवारी पारीवर फुलवंताबाई मेश्राम.
मी बाटली बुडवते, पट्टी ओली करते, रंग जुळवते,
वहीत लिहिते : सात आणि आठच्या मधे कुठेतरी.
ती गुडघाभर पाण्यात,
तळव्यानं गाळ चाचपत चाललेली.
"इकडे गाद होती. तिकडे देवधान.
बेशरम वाढली अन् बोटरी गेली."

बोटरी कुठल्या रकान्यात लिहू?
प्राणिशास्त्रात तिचं लॅटिन नाव,
अर्थशास्त्रात किलोचा भाव,
समाजशास्त्रात, ती विकताना
कोणत्या दारी उंबऱ्याबाहेर थांबायचं, ते.

अहवालाच्या समासात मॅडमचा लाल पेन : संदर्भ?
मी लिहिलं :
फुलवंताबाई, उजवा पाय,
तुडूमपासून अकरा पावलं, मे महिना.

गुण कापले का, अजून कळलं नाही.

साकोलीच्या बसमध्ये बाटली मांडीवर.
रस्ता खराब, तरी गाळ हळूहळू खाली बसतोय.
वरचं पाणी स्वच्छ दिसायला लागलंय.
मी बाटली पुन्हा हलवते.