सुतळीचं दुसरं टोक

कुडतरीत भात कापून झालं
की आमचं मैदान उगवतं.
बांध फोडायचा नाही, एवढंच मालकाचं म्हणणं.
शनिवारी सांजेला ब्राझ यायचा,
गळक्या डब्यातून चुना सांडत;
माडापाशी जरा वाकडी, पण रेघ यायची.

तीन शनिवार आला नाही.
आम्हीच आखलं.
पेनल्टीचा ठिपका चौदा पावलांवर गेला,
मकाझनची पोरं पोट धरून हसली.

मी सेक्रेटरी. माझ्या वहीत सगळं असतं:
जर्स्या कोण धुतं, रिक्षा कुणाची,
शेवंती गावकर किती लिंबं कापते.
ब्राझच्या नावापुढे एकच शब्द, चुना.

सुतळी मागायला त्याच्या घरी गेलो.
बाल्कांवावर बसला होता, गुडघा उशीवर.
“दारामागं आहे, ने,” म्हणाला.
पुढे काही नाही.
अठरा वर्षांत त्या पायऱ्या
मी पहिल्यांदाच चढलो होतो.
सुतळी घेऊन उभा राहिलो.
मग बसलो.
जहाजावरच्या मुलाचं बोलला, विहिरीच्या पंपाचं,
गुडघ्याचं अगदी शेवटी,
तोवर चहावर साय धरली होती.

काल चर्चच्या हॉलमधली निळी खुर्ची
कॉर्नरला नेऊन ठेवली.
त्यानं बसून एक टोक धरलं.
दुसरं घेऊन आवेलिनाची धाकटी
उलट्या पावलांनी माडाकडे निघाली,
चपला पांढऱ्याफटक.
“दाव्यान गो, दाव्यान!” तो ओरडत राहिला.
ती उजवीकडे गेली.

वहीत चुना खोडला.
काय लिहावं ते अजून सुचलेलं नाही.