अर्धा मिलिमीटर

डार्लीन सकाळी आधी रेडिओ लावते, मग दिवे.
ईरी, पेन्सिल्व्हेनिया. सरोवरावरून आलेला बर्फ
पार्किंगमधल्या गाड्या झाकून बसलेला.
आत बारा जबडे ओळीने, प्लास्टरचे, उघडे,
जणू सगळ्यांना एकदमच काही सांगायचंय.

पण बोलतो तो वॉशिंग्टनचा माणूस.
त्याच्या आवाजाला कधी घाम येत नाही.
"सेनेटमध्ये आज पुन्हा," तो म्हणतो,
आणि मी मेण तापवते.

मिरजेला आम्हाला शिकवताना तांबोळी सर म्हणायचे,
जिभेला हाड नसतं, म्हणून आपला धंदा चालतो.
वरच्या दातांमागे तिला नखाएवढी वाट ठेव,
तिथे स तयार होतो.
वाट अरुंद झाली तर शिट्टी,
रुंद झाली तर श.

नऊला सेनेट. दहाला सेनेटबद्दल तिघं.
विद्यापीठातल्या बाई प्रत्येक वाक्य
टाचणीने टोचून ठेवतात, फुलपाखरासारखं.
दुसरा आधी हसतो, मग असहमत होतो.
तिसरा चारशे अब्ज असं म्हणतो
जसं मी डार्लीनला म्हणते, दोन चमचे साखर.

अकराला देणगीची विनवणी.
महिना सात डॉलर, वर कापडी पिशवी.
डार्लीनकडे अशा पाच पिशव्या आहेत,
एकीत ती माझ्यासाठी टोमॅटो आणते, ऑगस्टमध्ये.
निवडणुकीच्या वर्षी तिने मला विचारलं होतं, कुणाला?
मी म्हटलं, मला इथे मत नाही.
इंग्रजीत ते खरं होतं.
मराठीत म्हटलं असतं तर खोटं ठरलं असतं.

जेवणानंतर श्रोत्यांच्या फोनचा तास.
उचलली जीभ लावली टाळ्याला, आई चिडून म्हणायची;
इथे टाळू मीच करते, गुलाबी ॲक्रिलिकचा,
चाळीस मिनिटं उकळत्या पाण्यात.
कुणी सीमेवर बोलतं, कुणी अंड्यांच्या भावावर,
एक बाई नुसतीच रडवेली, तिला थांबवतात हळुवारपणे.

मग, "लॉरेन्स पार्कहून ऑगी."

"सर," तो म्हणतो, आणि मी ब्रश खाली ठेवते.
"सोशल सिक्युरिटी." शिट्टी. पुन्हा शिट्टी.
एकतीस वर्षं रेल्वेची इंजिनं जोडली, सर.
रविवारची बस बंद केलीत, सर.
माझी बायको सेवागृहात आहे, साडेसहा मैल,
मी तिच्याकडे जायचं कसं, सर?

ऑक्टोबर. केस नंबर ४४१८. वरची पूर्ण कवळी.
दातांचा रंग ठरवायला तो स्वतः आला होता,
खिडकीपाशी उभा राहिला, टोपी हातात.
फार पांढरे नकोत, म्हणाला,
हेलनला वाटेल कुणी परका आलाय.
मी रंग चार वेळा ताडून पाहिला.
वाट मोजली नाही.
शुक्रवार होता, पावणेपाच वाजले होते.

स्टुडिओत कुणीतरी हसलं. अगदी बारीक.
किंवा कागद वाजला असेल.
"धन्यवाद, ऑगी. फार महत्त्वाचा मुद्दा."
विद्यापीठाच्या बाई म्हणाल्या, हा व्यापक प्रश्न आहे,
आणि त्याची व्याप्ती सांगत राहिल्या
बातम्यांची धून वाजेपर्यंत.
बस त्यात कुठेच आली नाही.

मी डॉक्टर हार्टविगच्या दवाखान्याला फोन लावला.
थांबा, म्हणाले. तिकडेही हाच रेडिओ लागलेला,
अर्धा सेकंद मागे,
तीच बातमी माझ्या दोन्ही कानांत पुढेमागे.
४४१८ परत पाठवा, मी म्हटलं.
अर्धा मिलिमीटर घासायचाय. पैसे नकोत.
तक्रार आली का, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, हो. जाहीर.

"कोण होतं?" डार्लीनने विचारलं.
गिऱ्हाईक, मी म्हटलं.
तिने मान डोलावली आणि आवाज वाढवला.
आता हवामान सांगत होते:
रात्री आणखी आठ इंच.
सकाळच्या बसेस उशिरा धावतील,
ज्या धावतात त्या.