शंभरास एक

हिवाळाभर मी ही बाग काढत होते
ल्युब्लियानातल्या तिसऱ्या मजल्यावर,
शंभरास एक या प्रमाणात.
एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर,
आणि पेन्सिलीचं टोक मोडलं
तर फक्त टोकच मोडायचं.

आता मार्च. कार्स्टचं पठार.
माझा कागद बुर्या वाऱ्याला हवाय.
त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.
दगडांची इथे ददात नाही.
वोय्को म्हणतो, आमच्याकडे दगडच पिकतात,
माती येते ती पाहुणी म्हणून.

आल्बिनाबाई दारात, खांद्यावर लोकरीची शाल.
शाळा सुटून अकरा वर्षं झाली,
नजर अजून वह्या तपासणारी.
नकाशा त्यांनी स्वयंपाकघरात टाचलाय
विजेच्या बिलाशेजारी,
आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या हिरव्या वर्तुळावर बोट ठेवून
दर फोनला विचारलंय,
"ही तुती कधी येणार?"

खुंट्या ठोकल्या. दोरी ताणली.
वाऱ्याने ती वाजवून पाहिली.
कागदावरची सरळ रेघ इथे पोट काढून उभी राहते.
फक्कीने पायवाट आखली,
भाकर-चीज खाऊन परत येईतो
निम्मी पायवाट शेजाऱ्याच्या कोबीवर.

मग पहार.
जिथे मी तळ्याचा निळा भरला होता
(जलरंगाचे दोन थर, पहिला वाळेपर्यंत थांबून)
तिथे वीतभर तांबडी माती
आणि खण्ण.
दोन हात डावीकडे:
खण्ण.
वोय्को पहारीला रेलून उभा राहिला
आणि काही म्हणाला नाही
अगदी ऐकू येईल असं.

मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणणार होते.
पण सांगितलं होतं. नोव्हेंबरात, बाईंनीच:
"मागच्या अंगाला खडक आहे हं."
मी तेव्हा हो हो करत
झाडांची नावं मोत्यासारख्या अक्षरात लिहीत होते.

यंत्र आणून फोडायचा, तर तीन दिवस आणि तेवढे पैसे.
मी हिशेब मांडत बसले.
वोय्कोने मात्र झाडू आणला.
झाडू! मग बादली.
माती वाहून गेली तसा खडक पांढरा होत गेला,
म्हाताऱ्या जनावराच्या पाठीसारखा,
आणि त्या पाठीवर एक खळगा,
परातीएवढा, वेडावाकडा,
कुण्या जुन्या पावसाने सावकाश चाटून केलेला.
उरलेलं पाणी त्यात थांबलं.
आम्ही तिघंही वाकलो, गळती बघायला.
गळत नव्हतं.
"तळं," वोय्को म्हणाला.
दिवसभरातलं त्याचं सर्वात लांब भाषण.

चौथ्या दिवशी तुती आली. व्हॅनमधून, आडवी.
लावली तेव्हा बाईंच्या कानाला लागत होती,
एक काठी, तिला तीन कळ्या.
"आणि वर्तुळ?"
मी खोडाला दोरी बांधली,
अडीच मीटर मोजली आणि चालत फेरी काढली,
वाऱ्यात डोळे मिटत.
"इथपर्यंत. पंधरा वर्षांत. कदाचित अठरा."
त्यांनी मनात बेरीज केली.
गणितच शिकवायच्या त्या; हातचा विसरल्या नसणार.
आत गेल्या, खुर्ची घेऊन आल्या,
माझ्या पावलांच्या खुणांबाहेर मांडली,
ऐन उन्हात.
"मला सावली कशाला? हाडं गार पडतात," म्हणाल्या.
"तिला मात्र जागा सोडलेली बरी."

निघताना हात धुवायला स्वयंपाकघरात गेले.
नखांतली तांबडी माती निघेना.
भिंतीवर माझा निळा तलाव
लाल पेनने खोडलेला,
त्याच्या पोटात एक छोटा, वाकडा गोल,
खाली आजची तारीख,
आणि कोपऱ्यात, माझ्या सहीच्या वर,
पाचपैकी तीन.

वोय्को गाडीत हॉर्न वाजवत होता.
मी कागद जरा जवळून पाहिला.
तीनच्या पुढे
अगदी बारीक, पेन्सिलीने,
अधिक.