कळण्याचं पीठ

पंचकमिटीनं छापील फॉर्म दिलाय.
सभा किती, हजेरी किती, निर्णय किती.
मास्तर सकाळपासून ओट्यावर बसलेत पेन उघडून
आणि सुरतेकडे जाणारे ट्रक मोजतायत.
विसरवाडीत ऊन चढलंय. माझ्या पायांच्या बोटांत
अजून तिकडची थंडी आहे.

ज्या गावानं शंभर वर्षांपूर्वी
औषधांच्या दोन पेट्या, एक बाजाची पेटी
आणि नुकतं लग्न झालेलं एक जोडपं इकडे धाडलं,
त्या गावानं आता पत्र पाठवलं:
तुम्ही या. आमचं मंदिर रिकामं पडलंय.

गेलो. रिटायर हेडमास्तर, रिटायर नर्स,
वर्गणीतून घेतलेले दोन कोट.
माझा एवढा लांब की नवापूरच्या शिंप्यानं
खालून वीतभर कापला
आणि त्या तुकड्याची मास्तरांना कानटोपी शिवली.
बॅगेत बायबल, हिंगाची डबी,
अडीच किलो कळण्याचं पीठ.
विमानतळावरच्या पोरीनं पीठ हुंगलं, काहीतरी विचारलं.
आम्ही म्हणालो, आमेन.

पहिल्या रविवारी सात माणसं.
दुसऱ्या रविवारी पाच, कारण दोघांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.
मास्तरांना तीनशे लोकांपुढे बोलायची सवय,
तिथंही तसेच गरजले.
पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं
कानातलं यंत्र हळूच काढून खिशात ठेवलं.
दारोदार जावं, तर दारांना कड्या नव्हत्या, आकडे होते.
दुपारी तीनला रात्र व्हायची.
मी खिडकीशी बसून विचारायचे, देवा, इथं कशाला आणलंस?
बर्फ पडत राहायचा.

मग कुणीतरी सांगितलं, वृद्धाश्रमात एक बाई आहे,
ती काय बोलते ते कुणालाच कळत नाही.

सिग्ने. वय ब्याण्णव.
जन्म दोंडाईचाचा, आठव्या वर्षी बोटीत बसवलेली.
आधी नवऱ्याचं नाव गेलं, मग मुलांची,
मग अख्खी स्वीडिश,
घरातल्या खोल्या एकेक करून बंद कराव्यात तशी.
उरली ती मागच्या दारची, चुलीजवळची.
कोटाखालून माझ्या साडीचा काठ दिसला, एवढाच.
"उनी का व ठगू?
कथी गयथी तू? भाकर शे का?"

आमची घरची बोली मावची. शाळेची नि प्रार्थनेची मराठी.
अहिराणी मला दवाखान्यानं शिकवली,
पोट दुखतं, पोर तापतं, तेवढीच.
मी ठगू नाही.
खोटी साक्ष देऊ नको, हे मला
अक्षरं यायच्या आधीपासून पाठ आहे.
"हाव माय, उनी," मी म्हणाले.

विजेच्या शेगडीवर भाकर फुगत नाही.
धग असते, जाळ नसतो.
कडेनं करपली, मध्ये कच्ची, चार ठिकाणी चिरली.
माझ्या सासूनं असली कोंबड्यांना टाकली असती.
सिग्नेनं दोन्ही हातांत धरून आधी वास घेतला,
मग मिठाशी खाल्ली, अर्धी,
आणि मास्तरांकडे वळून दरडावलं,
"बैल बांधात का रे?"

एलिशा वळवी, एम.ए. बी.एड.,
मांडीवर उघडं बायबल, योहानाचा तिसरा अध्याय.
त्यांनी पुस्तक मिटलं.
"बांधात माय. चाराबी टाकी दिधा."
ती झोपली.

उरलेले एकोणीस दिवस आम्ही हेच केलं.
पीठ संपलं तेव्हा पिशवी उलटी करून झटकली.
तिनं पिशवीच मागितली.
उशाखाली घालून ठेवली.

मास्तरांनी सभा लिहिल्यात, हजेरी लिहिलीय,
निर्णयांच्या रकान्याशी अडलेत.
"काय लिहू गं?"
तवा तापलाय. आधी जेवून घ्या, मी म्हणते.
उद्या दोंडाईचाची एसटी नऊला आहे.
ठगूबाईचं कुणी असेल तर शोधायचंय,
त्यांना सांगायचंय की...
ते बसमध्ये ठरवू.