चाळीस मिलिमीटर

ओहोटी लागली की धोपाव्याच्या जेट्टीवर
फेरीबोटीचा उतार खडा होतो.
मी गाडी तिरकी घ्यायचो,
आणि तुळाजी खलाशी न सांगता
दोन फळ्या आणून टाकायचा.
"आली सरपटणारी."

कोइमतूरच्या ट्रॅकवरून उतरलेली ही लाल गाडी
मी घरी आणली तेव्हा
तिच्या पोटाखालून मांजरही वाकून गेलं असतं.
पहिल्याच महिन्यात तिचा खालचा ओठ
शृंगारतळीच्या गतिरोधकावर राहिला.

परकारभाय पाठीवर झोपून आत सरकला.
बराच वेळ नुसती बॅटरी हलत होती.
"स्प्रिंगा बदलू. चाळीस मिली वर घेऊ."
वळणावर झुलेल, मी म्हणालो.
"झुलू दे. वळणावर म्हशी बसतात."
मग नखाने खरवडून दाखवलं:
सायलेन्सरच्या कड्यावर
भाकरीसारखा पापुद्रा धरलेला गंज.
"ही समुद्राची जकात."

आता मासळीच्या टेम्पोमागून आलो की
त्याच संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने
तिचा तळ धुतो. सुकला की ब्रशने ऑइल.
टर्बोचा दाब उतरवलाय,
गुहागरच्या पंपावर मिळेल ते पेट्रोल पचावं म्हणून.
बायको म्हणते, पथ्यावर ठेवलीस.

काल रात्रीची शेवटची फेरी. पाणी पार खाली.
मी सरळ घेतली.
काहीच घासलं नाही.

तुळाजी दोन्ही फळ्या कवेत धरून उभा.
मी काच खाली केली.
काय बोलावं, दोघांनाही सुचेना.