लाँच

आगरदांड्याहून साडेसातची चुकली
की दिघीच्या शाळेत माझा पहिला तास बुडतो.
आज आठवीला नेमका हाच शब्द आला.
फळ्यावर लिहिलं : फेकणे, सोडणे, आरंभ करणे.
रुबीना उभी राहिली. सर, आणि आमची?

तिची नोंद डिक्शनरीत खालच्या अंगाला,
वेगळ्या मुळाची.
वरचा फ्रेंचांकडला, भाल्याच्या कुळातला.
हा मलायातला, चपळ होडीचा,
पोर्तुगीजांच्या तोंडी लागून इथवर आलेला.
इंग्रजीत दोघे शेजारी राहिले
आणि चेहरे एवढे जुळले
की लोक सख्खे भाऊ समजतात.

परतताना गफूर सारंगाला हे सगळं ऐकवलं.
तो म्हणाला, बंदरावरचा साहेब
वरचा चंद्र आणि टिंब पुसून तेवढं मागतो,
ते नाही लिहिलं तुमच्या पुस्तकात?
मी हसलो. तो नाही.
सुकाणूवरचा हात तसाच ठेवून
बराच वेळ खाडीकडे बघत राहिला.

मलाया म्हणालात ना, मास्तर?
माझा पणजा खलाशी होऊन तिकडेच गेलेला.
तो नाही आला.
शब्द आला म्हणायचा.

डिझेलचा भपका. धक्क्याचे टायर.
सुटे दोन रुपये त्याने आज
मोजून परत दिले.