उणे ऐंशी

बाहेर मेडिकल चौकात शेहेचाळीस.
डांबर सँडल सोडत नाही.
आत माझ्या फ्रीजरमध्ये उणे ऐंशी.
मधल्या एकशे सव्वीस अंशांत
मी दिवसभर ये-जा करते, हातमोजे घालून,
कारण माणसाच्या बोटावरचा नुसता घामही
आरएनए खाऊन टाकतो.

रेवाराम बारापात्रे, वय एकसष्ट, गोळीबार चौक.
आधी हातमाग, मग पॉवरलूम, मग काहीच नाही.
छातीत दोन स्टेंट.
तिसरी नळी द्यायला आलेत, डोक्याला ओला दुपट्टा.
दोनदा काही विचारलं नव्हतं. आज विचारतात,
"काय पायता जी येवढ्याशा रक्तात?"

मी सांगते, अर्धं पाठ झालेलं:
पेशीत चिठ्ठ्या असतात. काहींवरून प्रथिनं बनतात.
काहींवरून काहीच बनत नाही,
त्यांना आधी कचरा म्हणायचे.
हृदय दुखावलं की त्यातल्या काही रक्तात उतरतात,
कदाचित ईसीजीला कळायच्या आधीच.
तेच तर बघतोय.

"बनवत काही नाही, मंग करते काय?"

दुसऱ्या चिठ्ठ्यांना गप्प करतात.
पुढेमागे त्यांनाच गप्प करणारं औषधही येईल.

"पुढेमागे," ते म्हणाले,
आणि बाही वर केली.

शीर सापडेना. मी टिचक्या मारत राहिले.
ते छताकडे बघत बोलले:
"डॉबीच्या पट्टीवर खुंट्या राह्यते, बाई.
जिथं खुंटी, तिथला धागा वर.
जिथं नाही, थो खालीच.
नवा पोरगा आला का नुसत्या खुंट्या मोजते.
काठ तं रिकाम्या भोकानं उमटते."

सरांच्या चाळीस स्लाइडमध्ये
हे कुठंच नव्हतं.

पहिली नळी फुकट गेली.
तांबड्या पेशी फुटल्या, वरचं पाणी गुलाबी.
अशा रक्तात सगळेच एकदम बोलतात,
कोणाचं ऐकणार?
पुन्हा टोचलं. ते कुरकुरले नाहीत.
"माह्या कामात येईन का हे?"
नाही, म्हणाले मी.
खोटं बोलता आलं असतं.
तेवढ्यात लाइट गेली,
जनरेटर धरेपर्यंत अकरा सेकंद
आम्ही दोघं फ्रीजरकडे बघत बसलो,
आजारी माणसाकडे बघावं तसं.

चौथी नळी ऑगस्टची.
डबा नऊ बाय नऊ, एक्क्याऐंशी भोकं,
चौथ्या ओळीत त्यांचं एक.
फोन केला. सून म्हणाली, "बाबा झोपले हायेत."
दुपारचे चार वाजले होते.
मी बरं म्हणाले, आणि पुढचं काही
विचारलंच नाही.

पराग म्हणतो, जागा कशाला अडवतेस,
पुढच्या नळ्या सरकव.
राहू दे, म्हटलं.
डबा उघडते तेव्हा
त्या भोकात हिम साचलेलं असतं.
बोट घालून पुसते,
झाकण लावते.